इंग्रजी बोलीतली क्रियापदं जर्मनमध्ये कशी आणायची?

प्रश्न
एका इंग्रजी मालिकेची जर्मन सबटायटल्स करतेय. पात्रं विशीतली. तीन वाक्यांवर अडलेय: 'ही बेल्ड ऑन अस', 'शी फ्रीक्ड आउट', 'आय मेस्ड अप'. शब्दकोश प्रत्येकाला चार-पाच पर्याय देतो, पण कुठला कधी घ्यायचा? आणि 'घोस्ट'ला (काही न सांगता संपर्क तोडणं) सरळ जर्मन प्रत्यय लावून 'घोस्टन' केलं तर चालेल का?

उत्तर १
आधी मराठीत सांगून बघा, नेमकं काय झालं. ठरवूनही तो भेटायला आलाच नाही? मग 'एर हाट उन्स फेरझेट्स्ट'. ठरलेल्या बेतातून ऐनवेळी अंग काढून घेतलं? 'एर इस्ट आबगेश्प्रुंगन'. गरज असताना टांग दिली? 'एर हाट उन्स हेंगन लासन'. घाबरून कच खाल्ली असेल तर 'एर हाट गेक्निफन'. इंग्रजीत चारही ठिकाणी 'बेल' खपून जातं, जर्मनमध्ये नाही.

'फ्रीक आउट'चंही तेच. तिची तंतरली असेल तर 'झी हाट पानिक गेक्रीग्ट', रागाने डोकं फिरलं असेल तर 'झी इस्ट आउसगेरास्टेट', आनंदाने वेडी झाली असेल तर 'झी इस्ट आउसगेफ्लिप्ट'. शेवटच्या दोन्हींना 'इस्ट'च लागतं, 'हाट' लावलं की वाक्य चुकलं.

'मेस्ड अप'साठी 'इश हाब्स फेरमासल्ट' सगळीकडे चालतं. 'फेरझाउट' म्हणजे वाट लावली, जरा रांगडं. 'फेरकाक्ट' त्याहून खालचं, आजीसमोर नको. 'फेरबॉक्ट'मध्ये दोष कुणाचा हा सूर असतो. शाळेतला पेपर वाईट गेला तर 'फेरहाउन'. 'फेर'ने सुरू होणाऱ्या या क्रियापदांच्या भूतकाळी रूपात 'गे' येत नाही, 'गेफेरमासल्ट' असं काही नसतं.

उत्तर २
'घोस्टन' चालतं, रूप 'गेघोस्टेट'. तरुण पात्राच्या तोंडी उत्तम. तेच पात्राची आई बोलत असेल तर 'एर मेल्डेट झिश निश्त मेअर' (त्याच्याकडून आता काही निरोपच नाही) घ्या.

पण इंग्रजी वाटणाऱ्या प्रत्येक जर्मन क्रियापदावर विसंबू नका. 'जॉबन' म्हणजे सुट्टीत वगैरे तात्पुरतं काम करणं, कायमची नोकरी नव्हे. 'ट्रॅम्पन' म्हणजे वाटेत गाडी थांबवून लिफ्ट घेत प्रवास. 'मॉबन' म्हणजे छळणं, इंग्रजीतल्या 'बुली'साठी नेमका हाच शब्द. 'इश चेक्स निश्त' म्हणजे 'मला कळत नाहीये', इथे तपासण्याशी संबंध नाही.

उत्तर ३
वरच्या 'आउसफ्लिपन'मध्ये एक भर: ते रागासाठीही सर्रास वापरतात. प्रेक्षकाला चेहरा दिसत असेल तर तेच ठेवा, ऐकूच येणार असेल तर 'आउसरास्टन' जास्त स्पष्ट.

सबटायटलची खरी अडचण वर्तमानकाळात येते. 'झी फ्लिप्ट ग्लाइश आउस' (तिचं आता डोकं फिरणार) यात 'आउस' अगदी शेवटी येतो, आणि तो येईपर्यंत क्रियापदाचा अर्थ लागत नाही. वाक्य दोन सबटायटल्समध्ये तोडलंत तर 'आउस' दुसऱ्यात जातो आणि पहिलं अधांतरी राहतं. असं वाक्य एकातच बसवा. बसत नसेल तर 'फेर'वालं क्रियापद शोधा, ते तुटत नाही.

पात्र कुठलं तेही बघा. राबणं हे पश्चिम जर्मनीतल्या रूर भागात 'मालोखन', ऑस्ट्रियात 'हाकल्न'. नैर्ऋत्य जर्मनीतल्या श्वाबेनमध्ये 'शाफन' म्हणजे साधं काम करणं. बर्लिनच्या मुलाच्या तोंडी 'हाकल्न' घातलंत तर लगेच खटकेल.

प्रश्नकर्ती
प्रसंग असा की घर हलवायला मित्र आलाच नाही. आणि पुढच्या भागात 'वी हंग आउट' आहे.

उत्तर १
मग 'हेंगन लासन'. 'फेरझेट्सन'मध्ये भेट चुकते, इथे मदत चुकली आहे. दुसऱ्यासाठी 'आबहेंगन': 'वीर हाबन आबगेहांगन'. 'रुमहेंगन' टाळा, त्यात टवाळकी करण्याचा वास येतो. मित्र म्युनिक किंवा व्हिएन्नाचे असतील तर 'हाबन'ऐवजी 'झिंड' ठेवा, दक्षिणेत तसंच बोलतात.