मोठ्या टेबलावर जाण्याआधी

'महिनाभर पोकरच्या छोट्या, कमी बोलीच्या टेबलावर जिंकतोय, आता वरच्या टेबलावर जाऊ का?' असं विचारलंय. भाऊ, महिना फार कमी झाला. नागपूरच्या धरमपेठेतल्या खोलीवर रात्र रात्र फाइव्ह कार्ड ड्रॉ (पाच पत्ते घेऊन नको ते बदलायचा पोकरचा प्रकार) खेळायचो, तेव्हा मीही असाच वर गेलो. हातात चार बदाम, पाचवा यावा म्हणून एक पत्ता बदलायचा. न दिसलेल्या ४७ पत्त्यांत बदाम ९च, बाकी ३८ वाया. म्हणजे समोर कॉलच्या (डावात राहायला भरायच्या रकमेच्या) निदान सव्वाचारपट पॉट (मधे जमलेली रक्कम) हवा. खाली तो मिळायचा, वर लोक अर्ध्या पॉटची बेट (बोली) लावून रस्ता बंद करतात, पॉट कॉलच्या तिप्पटच उरतो. समोरचा किती पत्ते बदलतो तेही बघ. तीन बदलले तर बहुतेक जोडीच. आणि हे फुकटच्या चिप्सवरच कर, २०२५च्या कायद्याने पैशांचा ऑनलाइन खेळ बंद झालाय.