वेळ तिसऱ्याची धरतात

टीम परस्यूट म्हणजे ट्रॅकवरची सायकल शर्यत; चौघाचौघांचे दोन संघ ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी सुटतात. तिच्यात चौघांपैकी सगळ्यात तगडा गडी संघाला ओढून नेतो असं म्हणतात. अर्धंच पटतं. ४००० मीटर संपल्यावर घड्याळ थांबतं ते तिसऱ्या सायकलस्वाराचं पुढचं चाक रेषेवर आलं की! त्यामुळे पहिला कितीही सुसाट असला, तरी तिसरा मागे पडला तर सगळं मुसळ केरात. चौथा मात्र गळला तरी चालतो, म्हणून एखादा शेवटच्या फेऱ्यांत पुढे राहून वारा झेलत सगळा दम संपवतो आणि बाजूला होतो.

मला सगळ्यात जास्त आवडते ती पुढच्याची बदली. वळणावर तो तिरक्या ट्रॅकवर वर चढतो, बाकीचे तिघे खालून निघून जातात आणि तो उतरतो तो थेट शेवटच्या चाकामागे. सायकलला ब्रेक नाही, पायडल मारणं थांबवायची सोय नाही, आणि दोन चाकांत जेमतेम वीतभर अंतर.

आणखी एक गोष्ट: समोरच्या संघाला गाठलं की शर्यत तिथेच संपते. टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) डेन्मार्कचा मॅडसन डोकं खाली घालून पायडल मारत होता आणि ब्रिटनच्या मागे पडलेल्या टॅनफिल्डवर मागून जाऊन आदळला. दोघेही पडले. टॅनफिल्ड ब्रिटनचा तिसरा गडी होता, म्हणून डेन्मार्कने ब्रिटनला गाठलं असं धरलं गेलं. अंतिम फेरीत डेन्मार्कला इटलीने ३:४२.०३२ च्या विश्वविक्रमी वेळेत हरवलं.