एंडोस्कोपीत नुसतं बघून जंतूंची सूज की लिम्फोमा, कळतं का?

काळजीत_पोरगी: पप्पांची परवा एंडोस्कोपी झाली, रिपोर्टात जठरात लाली, बारीक उंचवटे, एक उथळ अल्सर आणि पुढे 'एच. पायलोरी गॅस्ट्रायटिस? लिम्फोमा?' असं दोन प्रश्नचिन्हं टाकून लिहिलंय, म्हणजे पायलोरी जंतूंमुळे जठराला आलेली सूज की लिम्फ पेशींचा कॅन्सर 😟 बायोप्सीचे आठ तुकडे घेतलेत. डॉक्टरांनी आतून डोळ्यांनी बघितलं ना, मग त्यांना कळलं कसं नाही?

स्लाईडवाला: पॅथॉलॉजीत काम करतो. नाही कळत हो, दोन्ही अगदी सारखं दिसू शकतं, जुन्या पायलोरीच्या सुजेतही पिसं काढलेल्या कोंबडीच्या कातडीसारखे दाणे येतात आणि माल्ट लिम्फोमात (जठरात होणारा, हळू वाढणारा लिम्फोमा) कधी फक्त फिकट चट्टा असतो. झूमवाल्या स्कोपने झाडाच्या फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या दिसल्या तर शंका वाढते, पण शिक्का बायोप्सीचाच. आणि तुकडे जास्त घेतले म्हणून घाबरू नका उलट बरंच झालं, हा लिम्फोमा ठिकठिकाणी विखुरलेला असतो, एकदोन तुकड्यांत निसटतो. सीडी२० वगैरे डाग (लिम्फोमाच्या पेशी ओळखायला तुकड्यांना लावतात ते खास रंग) लावायचे तर रिपोर्टला वेळ लागणारच.

मिसळप्रेमी: अ‍ॅसिडिटीची गोळी चालू होती का? माझी चालू होती तर जंतूची टेस्ट खोटी निगेटिव्ह आली, दोन आठवडे बंद ठेवून परत करावी लागली. तुम्ही मात्र विचारल्याशिवाय बंद करू नका.

स्लाईडवाला: बरोब्बर. आणि ताई, समजा माल्ट निघालाच आणि जठरापुरता असला तर आधी पायलोरीचाच अँटिबायोटिक कोर्स देतात, बऱ्याच जणांचा तेवढ्यावर जातो. फक्त नंतर स्कोप परत परत करावी लागते.

काळजीत_पोरगी: गोळी चालूच होती की! उद्याच विचारते.