आईला मुंबईतल्या सरकारी आणि सार्वजनिक इमारती दाखवायच्या आहेत. एका दिवसात काय जमेल?

सोलापूरचा_मुलगा
आई ६८ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. पहिल्यांदाच माझ्याकडे येतेय. चौपाटी, नटनट्यांचे बंगले असलं काही नकोय तिला. म्हणते, "शहर चालतं कुठून ते दाखव." म्हणजे पोस्ट, महापालिका, वाचनालय वगैरे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरेल. गुडघे दुखतात, फार पायऱ्या चढवत नाहीत. कुठे कुठे नेऊ?

टपालातली_ताई
तुमच्या आईंचा प्रश्न फार आवडला मला. मी जीपीओत, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयात, ३१ वर्षं काउंटरवर होते, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

गाडीतून उतरल्यावर घाई करू नका. वेटिंग रूममध्ये तोंडबिंड धुऊन, चहा घेऊन मग बाहेर या. स्वच्छतागृहाचंही तिथेच उरकून घ्यायला सांगा, पुढे बायकांची पंचाईत होते. बाहेर आलात की फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ दाखवा. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. स्टेशन १८८८ साली पूर्ण झालं. समोरची महापालिकेची इमारत १८९३ची. दोन्ही एकाच वास्तुविशारदाच्या, फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या. आधी एकीकडे बघायचं, मग दुसरीकडे. घडण सारखी कुठे आणि वेगळी कुठे, हे बाईंच्या नजरेला लगेच कळेल. महापालिकेत आत जायचं असेल तर आधी चौकशी करा. २०२१ पासून शनिवार-रविवारी तिथे हेरिटेज वॉक सुरू झाले होते.

दहा वाजून गेले की जीपीओत या. स्टेशनला लागूनच आहे. सोलापूरच्या आहेत म्हणजे विजापूरचा गोलघुमट त्यांनी पाहिला असेलच. वास्तुविशारद जॉन बेगने जीपीओचा घुमट त्याच्यावरूनच घेतलाय. इमारत १९१३ साली पुरी झाली. काळा दगड इथला, पिवळा कुर्ल्याचा, पांढरा गुजरातेतल्या ध्रांगध्राचा. पावसात भिजला की काळा आणि पिवळा दगड असा काही उठून दिसतो, की मी छत्री घेऊन समोर उभी राहायचे. आत जायला कुणी अडवत नाही. घुमटाखालीच काउंटर आहेत. रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाने मान वर केली की मला बरं वाटायचं. बहुतेक जण करत नाहीत.

एक करा. आईंना ५० पैशांचं पोस्टकार्ड घेऊन द्या, तिथेच बसून लिहू द्या आणि स्वतःच्या हाताने पेटीत टाकू द्या. पोस्टात येऊन नुसतं बघून गेलेली माणसं पाहिली की मला चुकल्यासारखं वाटायचं. ही इमारत कामासाठी बांधलीय, तिथे काम करूनच बाहेर पडावं.

भायखळ्याचा
ताईंनी सांगितलंय ते झालं की स्लो लोकलने भायखळ्याला या, तिसरंच स्टेशन. पूर्वेला राणीच्या बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ साली लोकांसाठी उघडलं, भाऊ दाजींचं नाव १९७५ मध्ये दिलं. बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे, त्या बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा म्हटलं ते या हत्तीवरून. बुधवारी संग्रहालय आणि बाग दोन्ही बंद असतात, हे लक्षात ठेवा. मी लहानपणी आजोबांबरोबर बुधवारी जाऊन परत आलोय, रडत.

गिरगावकर_वाचक
वाचनालय म्हणताय तर एशियाटिक सोसायटीचं. १८३३चा टाऊन हॉल. पण समोर ३० पायऱ्या आहेत, गुडघ्यांचा विचार करा. जमल्या तर आत नाना शंकरशेटांचा संगमरवरी पुतळा आहे. मुंबईत शाळा उभ्या राहाव्यात म्हणून झटलेला माणूस, शिक्षिकेने बघावाच. नाही जमल्या तर खालच्या पायरीवर बसून खांब बघा, तेही पुष्कळ आहे.

सोलापूरचा_मुलगा
ताई, आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं. गोलघुमट ऐकताच म्हणाली, १९७९ साली सहलीला चौथीची पोरं घेऊन गेले होते, सगळ्यांनी ओरडून कान किटवले. जीपीओत आवाज घुमतो का, हे तिने तुम्हाला विचारायला सांगितलंय. पोस्टकार्ड ती स्वतःच्याच पत्त्यावर टाकणार आहे. बुधवारचं तिकीट काढतोय, म्हणजे गुरुवारी सकाळी पोचेल.

टपालातली_ताई
दुपारच्या गर्दीत नुसते शिक्के ऐकू यायचे. दहा वाजले की लगेच या, तेव्हा घुमतो. पत्त्यात पिनकोड नीट घालायला सांगा.