गाडीच्या मागच्या सस्पेन्शनचे बुश (सांध्यात बसणारे, धातूच्या कवचातले रबरी तुकडे) घरी काढायचेत, मदत हवी आहे
गाडी १७ वर्षांची. खड्ड्यात मागून ‘धाडकन’ आवाज येतो, वळणावर मागची बाजू सरकल्यासारखी वाटते. टॉमीने (लोखंडी पहारीने) हलवून पाहिलं, तर ट्रेलिंग आर्मच्या (मागचं चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशचं रबर कवचापासून सुटलेलं. इतके दिवस उगाच शॉकअब्सॉर्बरला शिव्या घालत होतो!

बुश दाबून काढायचं प्रेस मशीन नाही. थ्रेडेड रॉड, जाड वॉशर आणि मोठा सॉकेट लावून गंजलेला बुश कुणी ओढून काढलाय का? की आधी रबर ड्रिलने पोखरून कवच करवतीने कापावं? आर्मला चीर पडेल अशी धास्ती वाटते. नव्या बुशच्या रबरातल्या पोकळ्या जुन्याच दिशेला ठेवायच्या आणि बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच आवळायचा, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं, एवढं ठाऊक आहे. एकच बाजू गेलीय, तरी दोन्ही बदलू ना?