हरिकेन आयकचं मॉडेल: पीक लेव्हल जुळते पण आदल्या दिवशीचं पाणीच येत नाही

खाडीवाला: मंडळी, प्रोजेक्टसाठी आयक वादळ (2008, टेक्सास) ॲडसर्कवर, म्हणजे वादळात समुद्राचं पाणी किती चढतं ते काढणाऱ्या कॉम्प्युटर मॉडेलवर, रन करतोय. वारा हॉलंडच्या फॉर्म्युल्याने दिलाय (केंद्रापासूनच्या अंतरावरून वाऱ्याचा वेग काढणारा). गॅल्व्हेस्टनजवळ पीक लेव्हल (पाण्याची सगळ्यात जास्त उंची) बऱ्यापैकी जुळते, पण लँडफॉलच्या, म्हणजे वादळ किनाऱ्याला धडकण्याच्या, आदल्या दिवशीच गेजवर (पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्रावर) पाणी चांगलं चढलेलं आहे आणि माझ्या मॉडेलमधला समुद्र ढिम्म. गाईड म्हणतात तळाचं घर्षण कमी-जास्त करून बघ. किती दिवस तेच करत बसू?

भरती_ओहोटी: अरे तोच तर फोररनर (वादळाच्या आधीच चढणारं पाणी), आयक त्यासाठीच फेमस आहे! वादळ अजून लांब होतं, वारा किनाऱ्याला समांतर, पण शेल्फ (किनाऱ्यालगतचा समुद्रतळ) रुंद आणि उथळ, त्यात कोरिओलिसमुळे (पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम) पाणी उजवीकडे म्हणजे थेट किनाऱ्याकडे वळतं आणि तासन् तास साचत राहतं. कोरिओलिस ऑन आहे ना? हसू नकोस, मी आठवडाभर शून्य ठेवून रन मारलेत. दुसरं म्हणजे वारा. आयक अवाढव्य पसरलेलं वादळ होतं, हॉलंड वादळाच्या डोळ्याजवळ (केंद्राजवळ) ठीक असतो पण लांबचा वारा कमी दाखवतो. घर्षणाचं गाईडचं पण अगदीच चूक नाही हां, तिथला तळ चिखलाचा आहे, वाळूपेक्षा गुळगुळीत.

जुना_सर्व्हेयर: घर्षण शेवटी बघ, नाहीतर वाऱ्याची चूक घर्षणात लपवशील. आणि पीक लेव्हल कशाशी जुळवतोस? पुराच्या खुणांशी असेल तर नीट निवड. घराच्या आत भिंतीवर उमटलेली चिखलाची रेघ भरवशाची, बाहेर झाडाला अडकलेला कचरा लाटेने वर फेकलेला असू शकतो. कतरिना वादळाची (2005) मिसिसिपीतल्या पास ख्रिश्चनची 27.8 फुटांची खूण सगळे सांगतात, पण अशा एका आकड्यावर मॉडेल पास करायचं नसतं. खुणा आणि गेज एकाच डेटमवर (उंची मोजायच्या शून्य पातळीवर) आहेत का तेही बघ, लुईझियानाकडे जमीनच खचतेय. सेटिंग ठरलं की त्याला हात न लावता रीटा (2005) हे दुसरं वादळ रन करून तपास.

खाडीवाला: सापडलं! कोरिओलिस ऑनच होतं, पण माझ्या स्क्रिप्टमध्ये वारा केंद्रापासून 300 किमीवर कापलेला, पुढे सगळं शून्य 🤦 आता आदल्या दिवशीचं पाणी चढतंय, पण पीक लेव्हल दीड फूट जास्त यायला लागली.

जुना_सर्व्हेयर: म्हणजे आधी जुळत होती ती चुकून. आता घर्षणाला हात लाव.