मदत हवी आहे: आत्या गोळी चुकवतेय, तिच्या प्रश्नाला उत्तर काय देऊ?

मंडळी, आत्या निपाणीची, वय ६१. तंबाखूच्या वखारीत वीस वर्षं राबली, पण बिडी कधी ओढली नाही. फुप्फुसाचा अॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरचा एक प्रकार, निघाला. रिपोर्टात ईजीएफआर एक्झॉन १९ डिलीशन आहे, म्हणजे पेशीच्या वाढीच्या ईजीएफआर जनुकाचा एक तुकडा गळालाय; त्याच साखळीतल्या केरास जनुकात बिघाड नाही. ईजीएफआरला रोखणारी जेफिटिनिबची गोळी चालू आहे, २५० मिग्रॅ, रोज एक.

घोळ मीच घातला. ईजीएफआर बिघडला की पेशीला 'वाढ, वाढ' असा संदेश सतत जातो, केरासमार्गे ईआरके या पुढच्या प्रथिनापर्यंत. मग दोन्ही बिघडले तर दुप्पट कॅन्सर? तसं नाही. हे दोन बिघाड एकाच गाठीत सहसा सापडत नाहीत. २०१५ साली अमेरिकेतले कॅन्सर संशोधक हॅरल्ड व्हार्मस यांच्या गटानं एक बिघाड असलेल्या कॅन्सरपेशींत दुसराही चालू केला, तर पेशी मेल्या. अति संदेश त्यांनाच सोसला नाही.

हे चहा पिताना बोललो. आत्या तोंडावरच्या पुरळानं आणि जुलाबानं आधीच वैतागलेली. म्हणाली, "मग गोळी कशाला खायाची? वाढू दे की, मरतंय आपोआप!" काल स्ट्रिप मोजली, तीन गोळ्या जास्त. काय सांगू?

प्रतिसाद १
आत्यांचा प्रश्न बिनतोड आहे, गोळी चुकवणं मात्र चूक. गोळी सोडली म्हणून संदेश अति होत नाही, तो गाठ ज्या पातळीवर वाढली तिथंच परत येतो. प्रयोगात अति करायला दुसरं बिघडलेलं जनुक घालावं लागलं होतं. शिवाय पेशीकडे स्वतःचे ब्रेक असतात, डीयूएसपी६ हे प्रथिन ईआरकेला आवरतं. त्यांना चुलीवरच्या भाकरीचं सांगा. आच फार झाली तर करपते, विझली तर कच्ची. कॅन्सरला मधली आच लागते, गोळी लाकडंच ओढून घेते.

पुरळ-जुलाब का? ईजीएफआर कातडीत आणि आतड्यातही असतो. त्यावर औषधं आहेत, गरज पडली तर डॉक्टर स्वतः काही दिवस गोळी थांबवतात. धाप किंवा खोकला अचानक वाढला तर मात्र त्याच दिवशी गाठा.

धागाकर्ता
भाकरीचं सांगितलं. "लाकडं ओढायची तर पुरती ओढा की, एक दिवसाआड काय?" असं मलाच ऐकवलं. उद्या स्ट्रिप घेऊनच बेळगावला निघतोय.